राउटरमधील त्रयस्थ मेमरी

राउटरमधील त्रयस्थ मेमरी म्हणजे राउटरच्या मूळ उत्पादकाने न पुरवलेली, परंतु त्या राउटरमध्ये बसेल आणि चालेल अशा रीतीने अन्य उत्पादकाने तयार केलेली मेमरी होय. राउटरची कार्यप्रणाली जुनी होऊन नवी बसवावयाची असते, मार्गसारणी वाढलेली असते किंवा मूळ मेमरी नादुरुस्त झालेली असते, अशा वेळी संपूर्ण उपकरण न बदलता केवळ मेमरी वाढवणे हा कमी खर्चाचा उपाय ठरतो. मूळ उत्पादकाच्या नावाने विकली जाणारी मेमरी त्याच क्षमतेच्या त्रयस्थ मेमरीपेक्षा पुष्कळदा अनेक पटींनी महाग असते. त्यामुळे त्रयस्थ मेमरीची स्वतंत्र बाजारपेठ निर्माण झाली आहे. मात्र सुसंगती, विश्वासार्हता, हमी आणि बनावट मालाचा धोका या चार बाबींचा विचार न करता असा बदल केल्यास संपूर्ण जाल बंद पडण्याचा संभव असतो.

संज्ञा आणि व्याप्ती

मेमरी या शब्दाला मराठी संगणक-परिभाषेत 'स्मृती' असा प्रतिशब्द आहे. तथापि व्यवहारात मेमरी आणि रॅम हेच शब्द रूढ आहेत. राउटरसाठी मिळणाऱ्या मेमरीचे तिच्या उगमानुसार चार वर्ग पडतात.

- मूळ मेमरी: राउटरच्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने व भाग-क्रमांकाने विकलेली.
- त्रयस्थ मेमरी: अन्य उत्पादकाने स्वतःच्या नावाने, अमुक राउटरशी सुसंगत असे स्पष्टपणे सांगून विकलेली.
- वापरलेली मेमरी: जुन्या राउटरमधून काढून पुन्हा विकलेली. ही मुळात पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गातील असू शकते.
- बनावट मेमरी: मूळ उत्पादकाचे नाव, चिन्ह किंवा चिकटपट्टी खोटेपणाने लावून विकलेली.

त्रयस्थ आणि बनावट या दोन वर्गांत गल्लत करू नये. त्रयस्थ उत्पादक आपली ओळख लपवत नाही, ग्राहकाला स्वतःची हमी देतो आणि त्याचा व्यवहार कायदेशीर असतो. बनावट मालात फसवणूक अभिप्रेत असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राउटर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या मेमरीच्या चिप स्वतः तयार करत नाहीत. जगातील बहुतांश डीरॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांकडून येतात. या चिप छोट्या पट्टीवर बसवून, तपासून आणि नाव देऊन विकणे हे पुढचे काम होय. म्हणून मूळ व त्रयस्थ मेमरीतील फरक पुष्कळदा चिपमध्ये नसून निवड, चाचणी, हमी आणि किंमत यांत असतो.

राउटरमधील मेमरीचे प्रकार

राउटर हा विशिष्ट कामासाठी घडवलेला संगणकच असतो. त्यात सामान्यतः चार प्रकारची मेमरी असते.

रॉम: वीज सुरू होताच चालणारा आरंभीचा प्रोग्राम यात असतो. तो हार्डवेअरची तपासणी करतो, बसवलेली मेमरी मोजतो आणि मुख्य कार्यप्रणाली सुरू करतो.

एनव्हीरॅम: राउटरची जतन केलेली मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, यात राहते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही.

फ्लॅश: कार्यप्रणालीची फाइल यात साठवलेली असते. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरीचा शोध जाहीर केला. राउटरमध्ये ती पट्टीच्या, पीसीएमसीआयए कार्डाच्या किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या रूपात आढळते.

डीरॅम: चालू कार्यप्रणाली, मार्गसारणी, चालू मांडणी आणि पाठवण्यासाठी थांबलेली पॅकेट यांत असतात. हिचा पाया आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी घातला. त्यांना १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. वीज जाताच डीरॅममधील मजकूर नाहीसा होतो.

यांपैकी फ्लॅश आणि डीरॅम या दोनच मेमरी सामान्यतः वाढवता येतात. पुष्कळ राउटरांत डीरॅमचे आणखी दोन भाग पडतात: कार्यप्रणालीसाठी वापरली जाणारी मुख्य मेमरी आणि पॅकेट थोडा वेळ ठेवण्यासाठीची सामायिक मेमरी. सिस्को कंपनीच्या राउटरवर 'शो व्हर्जन' ही आज्ञा दिली असता हे दोन आकडे तिरप्या रेघेने विभागून दिसतात. उदाहरणार्थ, २४९८५६ केबी आणि १२२८८ केबी असे आकडे दिसल्यास त्यांची बेरीज २६२१४४ केबी, म्हणजे २५६ एमबी होते. केवळ पहिला आकडा पाहून मेमरी कमी भरली असा समज करून घेणे चुकीचे ठरते.

मेमरी वाढवण्याची कारणे

नवी कार्यप्रणाली: सुरक्षेतील त्रुटी दूर करण्यासाठी किंवा नव्या सुविधांसाठी कार्यप्रणाली बदलावी लागते. प्रत्येक आवृत्तीसोबत किमान किती फ्लॅश व किती डीरॅम हवी हे उत्पादक जाहीर करतो. अनेक राउटरांत कार्यप्रणाली फ्लॅशमध्ये संकुचित रूपात असते आणि सुरू होताना ती डीरॅममध्ये उलगडली जाते. म्हणून फ्लॅशमध्ये फाइल मावली तरी डीरॅम अपुरी असल्यास राउटर सुरू होत नाही. मेमरीअभावी जुनीच आवृत्ती चालू ठेवणे म्हणजे ठाऊक असलेल्या त्रुटी उघड्या ठेवणे होय. मेमरीचा प्रश्न अशा रीतीने सुरक्षेचा प्रश्न बनतो.

मार्गसारणीची वाढ: इंटरनेटवरील स्वायत्त जाले परस्परांना मार्ग कळवण्यासाठी बीजीपी ही नियमावली वापरतात. संपूर्ण मार्गसारणीतील आयपीव्ही४ मार्गांची संख्या शतकाच्या आरंभी सुमारे एक लाख होती. ऑगस्ट २०१४ पर्यंत ती पाच लाखांच्या पुढे गेली होती. एकाहून अधिक पुरवठादारांकडून पूर्ण सारणी घेतल्यास प्रत्येकाकडून आलेले मार्ग वेगळे साठवावे लागतात. शेजारी राउटरकडून आलेली मूळ माहिती जशीच्या तशी राखून ठेवण्याची सोय चालू केल्यास मेमरीचा वापर आणखी वाढतो.

पत्ता-रूपांतर: कार्यालयातील अनेक संगणकांना एकच सार्वजनिक पत्ता वापरू देणाऱ्या नॅट या सोयीत प्रत्येक संभाषणाची एक नोंद डीरॅममध्ये राहते. सिस्कोच्या राउटरमध्ये अशा एका नोंदीला सुमारे ३१२ बाइट लागतात. म्हणजे १०,००० नोंदींना सुमारे ३ एमबी. एखाद्या विषाणूग्रस्त संगणकाने हजारो जोडण्या उघडल्या तर ही सारणी अल्पावधीत फुगते.

नादुरुस्ती: काही वेळा मेमरी वाढवायची नसते, तर बिघडलेली पट्टी बदलायची असते. उत्पादकाने ते उपकरण बनवणे थांबवले असल्यास मूळ मेमरी मिळतच नाही आणि त्रयस्थ किंवा वापरलेली मेमरी हाच मार्ग उरतो.

त्रयस्थ बाजारपेठेचा उदय

मेमरीचे आकार, संपर्कबिंदू आणि विद्युत्-गुणधर्म ठरवण्याचे काम प्रामुख्याने जेडेक ही मानक-संस्था करते. मानके सर्वांना उपलब्ध असल्याने एका उत्पादकाची पट्टी दुसऱ्या उत्पादकाच्या यंत्रात चालणे तत्त्वतः शक्य झाले. १९८० च्या दशकात मेमरी-चिपचा तुटवडा पडला असता जॉन तू आणि डेव्हिड सन यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात किंग्स्टन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापन केली. पृष्ठभागावर बसणाऱ्या चिप मिळेनात, तेव्हा त्यांनी सहज उपलब्ध असलेल्या जुन्या धाटणीच्या चिप वापरून मेमरीची पट्टी तयार केली. मेमरी हा यंत्रापासून वेगळा विकता येण्याजोगा माल आहे, ही कल्पना या काळात रुजली.

याच सुमारास राउटरचा व्यवसायही आकाराला येत होता. लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये सिस्को कंपनी स्थापन केली. १९९० च्या दशकात इंटरनेटचा प्रसार झाला, तसतसे मेमरी पुरवणाऱ्या कंपन्यांनी वैयक्तिक संगणक आणि सर्व्हर यांच्या जोडीला राउटरसाठीही पट्ट्या तयार करण्यास प्रारंभ केला. चांगले त्रयस्थ उत्पादक आपली पट्टी प्रत्यक्ष त्या त्या राउटरमध्ये चालवून पाहतात. वैयक्तिक संगणकाच्या साध्या पट्टीत आणि राउटरसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या त्रयस्थ पट्टीत हाच महत्त्वाचा भेद असतो.

सुसंगतीचे निकष

खोबणीत पट्टी बसली म्हणजे ती चालेलच असे नाही. पुढील बाबी जुळणे आवश्यक असते.

आकार आणि संपर्कबिंदू: ७२ संपर्कबिंदूंची सिम, १०० संपर्कबिंदूंची डिम, लहान आकाराची सो-डिम असे अनेक प्रकार राउटरांत वापरले गेले आहेत. पट्टीवरील खाच चुकीच्या प्रकारची पट्टी बसू नये यासाठीच असते.

पिढी: एसडीरॅम, डीडीआर, डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. त्यांचे विद्युत्-दाब आणि संपर्करचना भिन्न असतात.

दोषनिदान: पॅरिटी पद्धतीत प्रत्येक ८ बिटांमागे एक जादा बिट असतो, एका बिटाची चूक झाल्यास ती कळते, पण दुरुस्त होत नाही. ईसीसी पद्धतीत ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक ओळखली जाते. राउटर वर्षानुवर्षे अखंड चालत असल्याने अनेक नमुन्यांत पॅरिटी किंवा ईसीसी अनिवार्य असते. वैयक्तिक संगणकाच्या स्वस्त पट्टीत ही सोय नसल्याने ती दिसायला सारखी असूनही चालत नाही.

बफरची रचना: काही पट्ट्यांवर संकेत सावरून धरणारी रजिस्टर-चिप असते, काहींवर नसते. या दोन प्रकारांची सरमिसळ चालत नाही.

चिपची घनता: एकूण क्षमता सारखी असली तरी ती थोड्या मोठ्या चिपनी साधली आहे की पुष्कळ लहान चिपनी, यावर जुने मेमरी-नियंत्रक ती ओळखतील की नाही हे ठरते. घनता जुळत नसल्यास निम्मीच मेमरी दिसणे हा नेहमीचा प्रकार होय.

एसपीडी माहिती: एसडीरॅमच्या काळापासून पट्टीवर एक लहानशी चिप असते. तीत पट्टीची क्षमता, रचना आणि वेळमर्यादा नोंदवलेल्या असतात. राउटरचा आरंभीचा प्रोग्राम ही नोंद वाचून नियंत्रक जुळवतो. नोंद अपुरी किंवा चुकीची असल्यास पट्टी नाकारली जाते किंवा अस्थिर चालते.

संपर्काचा धातू: जुन्या सिमच्या काळात सोन्याचा मुलामा असलेली पट्टी कथिलाच्या खोबणीत बसवणे टाळण्याचा सल्ला दिला जाई. दोन भिन्न धातूंच्या संपर्कात कालांतराने कथिलाचे ऑक्साइड साचून जोडणी अधूनमधून तुटते. दमट हवामानात अशा दोषांना पोषक परिस्थिती असते.

कमाल मर्यादा: प्रत्येक नमुन्याची कमाल मेमरी ठरलेली असते. उदाहरणार्थ, सिस्को १८४१ या राउटरची मर्यादा ३८४ एमबी, तर सिस्को २८११ ची ७६८ एमबी आहे. १८४१ मध्ये १२८ एमबी मुख्य पटलावर असते आणि उरलेली २५६ एमबी एका पट्टीने साधली जाते. मर्यादेपलीकडची मेमरी बसवल्यास जादा भाग वाया जातो किंवा राउटर सुरूच होत नाही.

उदाहरण: सिस्को २५०० मालिका

१९९० च्या दशकात जगभर मोठ्या संख्येने वापरली गेलेली सिस्को २५०० मालिका या विषयाचे बोलके उदाहरण आहे. तिच्यात मोटोरोला ६८०३० हा प्रक्रियक असून ७२ संपर्कबिंदूंच्या एकाच खोबणीत कमाल १६ एमबी डीरॅम बसते. ही पट्टी पॅरिटीयुक्त, म्हणजे ३२ ऐवजी ३६ बिट रुंदीची असावी लागते. फ्लॅशसाठी ८० संपर्कबिंदूंच्या दोन खोबणी असून प्रत्येकीत ८ एमबी याप्रमाणे १६ एमबी फ्लॅश बसू शकते.

या मालिकेचे वैशिष्ट्य असे की कार्यप्रणाली डीरॅममध्ये न उलगडता थेट फ्लॅशमधूनच चालते. त्यामुळे थोडक्या डीरॅमवर काम भागते. परंतु चालू कार्यप्रणाली फ्लॅशमध्येच असल्याने ती बदलताना राउटर रॉममधील लहान प्रोग्रामवर सुरू करावा लागतो. येथेच त्रयस्थ फ्लॅशची एक अडचण उद्भवत असे. जुन्या रॉममधील प्रोग्रामला त्याच्या काळानंतर आलेल्या फ्लॅश-चिपची ओळख नसे आणि पट्टी निर्दोष असूनही 'अनोळखी फ्लॅश' असा संदेश येई. अशा वेळी पट्टी परत करण्याऐवजी रॉम-चिप बदलणे हा खरा उपाय असे. दोष मेमरीत आहे की तिला ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये, हे आधी ठरवावे लागते, हा धडा या मालिकेने दिला.

पुढील काळात पट्टीच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डे आली. छायाचित्रण-यंत्रांसाठी विकली जाणारी कार्डे दिसण्यात तंतोतंत तशीच असतात, पण ती सर्वच राउटरमध्ये चालतात असे नाही. कार्ड संगणकावर तयार न करता राउटरमध्येच 'फॉरमॅट' आज्ञेने तयार करावे, हा सर्वमान्य संकेत आहे. कारण राउटरचा आरंभीचा प्रोग्राम ठरावीक फाइल-मांडणीच वाचू शकतो.

मेमरी बदलण्याची पद्धत

मेमरी बदलताना सामान्यतः पुढील क्रम पाळला जातो.

१. राउटरचा नेमका नमुना, सध्याची मेमरी आणि रिकाम्या खोबणी यांची नोंद करावी.
२. चालू मांडणी जतन करून तिची आणि कार्यप्रणालीच्या फाइलची प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवावी.
३. सेवा खंडित होणार असल्याने सोयीची वेळ ठरवून संबंधितांना पूर्वसूचना द्यावी.
४. राउटर बंद करून वीजपुरवठ्याची तार काढावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते.
५. हातात स्थितिक विद्युत्-रोधक पट्टा बांधून तो राउटरच्या धातूच्या भागास जोडावा. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर विद्युत्-भार अधिक साचतो. माणसाला न जाणवणाऱ्या ठिणगीनेही चिप निकामी होऊ शकते.
६. पट्टी कडांना धरावी, संपर्कबिंदूंना बोट लावू नये. खाच जुळवून पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या अडकेपर्यंत दाबावी.
७. झाकण लावण्यापूर्वी राउटर सुरू करून कन्सोलवर दिसणारा मेमरीचा आकडा पडताळावा.
८. कार्यप्रणालीची फाइल नव्या फ्लॅशवर उतरवल्यास तिची एमडी५ बेरीज उत्पादकाने दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी.
९. जुनी पट्टी लगेच टाकून न देता काही आठवडे जपून ठेवावी.

शेवटची सूचना क्षुल्लक वाटली तरी महत्त्वाची आहे. पुढे बिघाड झाल्यास जुनी पट्टी पुन्हा बसवून दोष नव्या मेमरीचा आहे की अन्य कशाचा, हे काही मिनिटांत कळते. पुष्कळ उत्पादक मदत देण्यापूर्वी नेमकी हीच मागणी करतात.

दोष आणि त्यांचे निदान

मेमरी मुळीच ओळखली न गेल्यास राउटर आरंभीच्या प्रोग्राममध्येच अडकतो किंवा पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. असा दोष लगेच दिसत असल्याने तो तुलनेने सुसह्य होय. अधूनमधून उद्भवणारा दोष अधिक घातक असतो. राउटर दिवसेंदिवस नीट चालतो आणि एखाद्या गर्दीच्या वेळी अचानक बंद पडून पुन्हा सुरू होतो.

पॅरिटीच्या चुका दोन प्रकारच्या असतात. कठीण चूक चिपमधील कायमच्या बिघाडामुळे होते आणि त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा घडते. मृदू चूक क्षणिक असते. वैश्विक किरणांतून निर्माण होणाऱ्या कणांमुळे किंवा चिपच्या वेष्टनातील अत्यल्प किरणोत्सारी द्रव्यामुळे एखादा बिट उलटतो, पण चिप सुस्थितीत राहते. चिपच्या वेष्टनातून निघणारे अल्फा कण अशा चुका घडवतात, हे इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. म्हणून पॅरिटीची चूक एकदाच झाल्यास राउटरवर लक्ष ठेवावे आणि ती पुन्हा झाल्यास पट्टी नीट बसवून पाहावी किंवा बदलावी, अशी प्रथा आहे. एकाच चुकीवरून त्रयस्थ पट्टीला दोषी ठरवणे जसे अयोग्य, तसेच वारंवार होणाऱ्या चुका वैश्विक किरणांच्या माथी मारणेही अयोग्य.

मेमरी अपुरी पडल्यास सिस्कोच्या राउटरवर 'मॅलॉकफेल' हा शब्द असलेला संदेश येतो. त्याची कारणे तीन असू शकतात: मेमरी खरोखरच कमी असणे, मोकळ्या मेमरीचे लहान लहान तुकडे झालेले असणे, किंवा कार्यप्रणालीतील एखादी प्रक्रिया घेतलेली मेमरी परत न करणे. तिसऱ्या प्रकाराला मेमरीची गळती म्हणतात. गळती असताना नवी पट्टी बसवल्याने फक्त पुढचा बिघाड लांबणीवर पडतो. कोणती प्रक्रिया किती मेमरी वापरते हे काही दिवस नोंदवून पाहिल्यास गळती ओळखता येते आणि अनावश्यक खर्च वाचतो.

मूळ मेमरी निर्दोषच असते असेही नाही. २०१४ च्या आरंभी सिस्कोने जाहीर केले की २००५ ते २०१० या काळात एकाच पुरवठादाराने बनवलेले मेमरीचे काही घटक अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होत आहेत आणि दीर्घकाळ चाललेले उपकरण बंद करून पुन्हा सुरू करताना हा दोष प्रकट होऊ शकतो. त्यापोटी कंपनीने आपल्या हिशेबात ६५.५ कोटी डॉलरची तरतूद केली. जुने उपकरण मेमरी बदलण्यासाठी बंद केले आणि ते पुन्हा सुरूच झाले नाही, तर दोष नव्या पट्टीचाच असेल असे गृहीत धरता येत नाही, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

हमी आणि सेवा-करार

त्रयस्थ मेमरी बसवताच हमी रद्द होते, हा समज सर्वत्र आढळतो. तो पूर्णतः खरा नाही आणि पूर्णतः खोटाही नाही. सिस्कोच्या धोरणाचा आशय असा की केवळ त्रयस्थ भाग वापरल्याने हमी आपोआप संपत नाही. परंतु एखादा दोष त्या भागामुळे उद्भवल्याचे कंपनीस वाटल्यास ती हमीखालील किंवा सेवा-करारातील मदत नाकारू शकते. दोषाचे कारण शोधताना त्रयस्थ भाग काढून ठेवण्यास सांगितले जाऊ शकते. मूळ उत्पादकाची हमी त्रयस्थ पट्टीला अर्थातच लागू होत नाही. तिची हमी तिच्या उत्पादकाकडूनच मिळते.

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस हमी कायद्यानुसार विशिष्ट कंपनीचेच सुटे भाग वापरण्याची अट घालून हमी बांधून ठेवण्यास सामान्यतः मनाई आहे. मात्र हा कायदा घरगुती वापराच्या वस्तूंपुरता आहे. कार्यालयीन वापराच्या मोठ्या राउटरला त्याचे संरक्षण बहुधा मिळत नाही. तेथे करारातील शब्दच निर्णायक ठरतात. म्हणून महत्त्वाच्या जागी बसवलेल्या राउटरमध्ये मूळ मेमरी आणि प्रयोगशाळेतील, शाखेतील किंवा हमी संपलेल्या राउटरमध्ये त्रयस्थ मेमरी, अशी विभागणी अनेक संस्था करतात.

बनावट मेमरी आणि सुरक्षितता

संगणक-जालाच्या उपकरणांची बनावट हा मोठा बेकायदेशीर व्यापार आहे. अमेरिकी तपास-यंत्रणांनी सिस्कोच्या बनावट उपकरणांविरुद्ध चालवलेल्या मोहिमेत ४०० हून अधिक वेळा माल जप्त झाला आणि त्याची किरकोळ किंमत ७.६ कोटी डॉलरपेक्षा अधिक होती, असे त्या देशाच्या न्याय विभागाने फेब्रुवारी २००८ मध्ये जाहीर केले. नामांकित कंपनीची मूळ मेमरी म्हणून अतिशय स्वस्तात देऊ केलेली पट्टी ही प्रामाणिकपणे त्रयस्थ म्हणून विकलेल्या पट्टीपेक्षा अधिक धोक्याची असते. पूर्वीच्या पट्टीवरील अक्षरे पुसून नवी छापलेली असणे, एकाच पट्टीवर निरनिराळ्या उत्पादकांच्या चिप असणे आणि चिकटपट्टीवरील छपाई अस्पष्ट असणे ही संशयास्पद लक्षणे होत.

वापरलेल्या फ्लॅश कार्डाबाबत वेगळी दक्षता घ्यावी लागते. त्यावर पूर्वीच्या संस्थेची मांडणी, पासवर्ड आणि जालाचे पत्ते राहून गेलेले असू शकतात. विकणाऱ्याने कार्ड पुसून द्यावे आणि घेणाऱ्याने ते पुन्हा फॉरमॅट करूनच वापरावे. कार्डावर आयती मिळालेली कार्यप्रणाली वापरणे दोन कारणांनी अयोग्य होय: तिचा परवाना कार्डासोबत हस्तांतरित होतोच असे नाही, आणि तीत फेरफार झालेला असण्याची शक्यता असते. फेरफार केलेल्या कार्यप्रणालीद्वारे राउटर ताब्यात घेतल्याची 'सिनफुल नॉक' या नावाने ओळखली जाणारी प्रकरणे २०१५ मध्ये उघडकीस आली होती.

मर्यादा

मेमरी वाढवल्याने राउटर वेगवान होतो, हा गैरसमज आहे. पॅकेट पुढे पाठवण्याचा वेग मुख्यतः प्रक्रियक, विशेष चिप आणि जोडणीची क्षमता यांवर अवलंबून असतो. मेमरी पुरेशी असताना तीत आणखी भर घातल्याने वेगात फरक पडत नाही.

दुसरी मर्यादा टीकॅम या विशेष मेमरीची आहे. मोठ्या राउटरांत मार्ग शोधण्यासाठी ही अतिवेगवान मेमरी वापरली जाते. ती पटलावर कायमची बसवलेली असते आणि डीरॅमच्या पट्टीने वाढत नाही. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटची मार्गसारणी ५,१२,००० मार्गांच्या पुढे गेली, तेव्हा टीकॅममधील मर्यादा ओलांडल्यामुळे अनेक जुन्या राउटरांचे काम विस्कळीत झाले. त्या दिवशी डीरॅम मुबलक असूनही उपयोग नव्हता. टीकॅमची अंतर्गत वाटणी बदलून राउटर पुन्हा सुरू करणे हा ज्यांना शक्य होता त्यांच्यापुरता उपाय होता.

तिसरी मर्यादा बहुपटलीय राउटरांची. ज्या राउटरांत प्रत्येक जोडणी-पटल मार्गसारणीची स्वतःची प्रत बाळगते, तेथे मुख्य पटलाची मेमरी वाढवून भागत नाही. सर्वांत कमी मेमरीचे पटल भरताच त्या पटलावरील जलद मार्गशोध बंद पडतो.

घरगुती राउटर

घरगुती वायफाय राउटरमध्ये मेमरी बहुधा थेट पटलावर डाख देऊन जोडलेली असते, खोबणी नसते. लिंकसिस डब्ल्यूआरटी५४जी या गाजलेल्या राउटरच्या आरंभीच्या अनेक आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. २००५ मधील पाचव्या आवृत्तीत ती २ एमबी आणि ८ एमबी अशी निम्मी करण्यात आली आणि तिच्यावर लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली चालवणे कठीण झाले. पुढे उत्पादकानेच जुन्या क्षमतेचा डब्ल्यूआरटी५४जीएल हा नमुना बाजारात आणला. हौशी तंत्रज्ञ जुनी चिप काढून अधिक क्षमतेची चिप डाख देऊन बसवतात. पण त्यासाठी कौशल्य लागते आणि हमी उरत नाही. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांना ४ एमबी फ्लॅश किंवा ३२ एमबी रॅम अपुरी पडते. याउलट लॅटव्हियातील मायक्रोटिक कंपनीच्या सीसीआर१०३६ मालिकेतील काही राउटरांत सो-डिमच्या खोबणी असून तेथे संगणकाची योग्य पट्टी बसवता येते.

भारतातील स्थिती

भारतात वापरलेल्या जाल-उपकरणांची आणि त्यांच्या सुट्या भागांची उलाढाल मोठ्या शहरांतील संगणक-बाजारांत होते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीतील नेहरू प्लेस ही त्यांपैकी प्रसिद्ध ठिकाणे होत.

कायद्याच्या दृष्टीने सुट्या भागांचा प्रश्न देशात प्रामुख्याने मोटारींच्या संदर्भात गाजला. मूळ सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध होऊ न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार-उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हा निर्णय राउटरशी संबंधित नसला तरी मूळ उत्पादक आणि स्वतंत्र दुरुस्ती-व्यवसाय यांच्यातील संबंधांवर त्याने प्रकाश टाकला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. तथापि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येनुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. त्यामुळे कंपन्यांनी घेतलेल्या राउटरबाबत खरेदी-कराराचाच आधार घ्यावा लागतो.

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. जुनी पट्टी वा निकामी राउटर भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्वापर-केंद्राकडे सोपवणे या नियमांना धरून होते. मेमरी वाढवून राउटरचे आयुष्य काही वर्षांनी वाढवणे हा कचरा टाळण्याचाही मार्ग आहे. मात्र उत्पादकाने त्या राउटरच्या कार्यप्रणालीसाठी सुरक्षा-सुधारणा देणे थांबवले असेल, तर कितीही मेमरी बसवली तरी तो इंटरनेटच्या तोंडाशी ठेवणे सुरक्षित नसते. अशा राउटरचा उपयोग शिक्षणासाठी, बंदिस्त प्रयोगशाळेत करणे योग्य ठरते.

हे सुद्धा पहा

- राउटर
- डीरॅम
- फ्लॅश मेमरी
- बीजीपी
- ई-कचरा